नामदार गोखले आणि सात कोटींची शिल्लक

सरकारला सभागृहात जाब विचारणारा पुढारी म्हटला म्हणजे मेघगर्जनेसारखा आवाज आणि वळलेली मूठ यांचेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आम्ही ज्या गृहस्थांविषयी येथे लिहीत आहोत त्यांचा आवाज बेताचा होता आणि प्रकृती नाजूक होती. स्वभाव तर इतका हळवा, की एखाद्याचा कडू शब्द त्यांच्या मनात कित्येक दिवस सलत राही. तरीसुद्धा हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाला पहिला खरा जाब विचारला तो त्यांनीच, असे म्हणण्यास आम्हांस प्रत्यवाय वाटत नाही. हे गृहस्थ म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले, स्थळ कलकत्ता, तारीख 26 मार्च 1902.

ज्या सभेत त्यांनी हा जाब विचारला तिचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे, नाहीतर त्या भाषणाचे मोल कळावयाचे नाही. 1892 च्या कायद्याने वरिष्ठ कायदेकौन्सिलात फार तर सोळा जादा सभासद घेता येत. त्यांतले दहा बिनसरकारी, आणि त्या दहांतही निवडून आलेले म्हणता येतील असे पाच! मुंबई इलाख्याची एक जागा. तिच्यासाठी मते देणारे म्हणजे मुंबई कौन्सिलातील मूठभर बिनसरकारी सभासद. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय. प्रश्न विचारावयाचा तर आगाऊ सूचना द्यावी लागे, आणि मिळालेल्या उत्तरावर पुन्हा उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा, मार्चअखेर, चर्चा होई. पण तीवर ठराव मांडता येत नसे, मते घेतली जात नसत, एका पैचीही काटछाट करता येत नसे. सभासदांनी भाषणे वाचावी, फडणिशी पाहणाऱ्या सभासदाने उत्तर द्यावे, लाटसाहेबांनी समारोप करावा आणि सर्वांनी घरी जावे, असा तो वार्षिक विधी होता. अशा सभेला पार्लमेंट म्हणणे म्हणजे पाटीवर काढलेल्या चुलीवर स्वयंपाक करण्यासारखे होते.

ही जागा गोखल्यांच्या आधी सर फेरोजशहा मेहता यांच्याकडे होती. त्यांनी ती 1901 मध्ये सोडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कौन्सिलात जमीनमहसुलाच्या कायद्याच्या दुरुस्तीवर मोठी झुंज झाली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्यास देऊ नये, असा सरकारचा बेत होता. लोकपक्षाची सूचना फेटाळली गेली तेव्हा फेरोजशहा सभा सोडून उठले आणि त्यांच्यामागून गोखलेही उठले. हा सभात्याग गाजला, आणि गाजावयास हवाच होता. परंतु उठून जाणे हा गोखल्यांचा पिंड नव्हता. बसून राहणे, आणि समोरच्या माणसाला त्याच्याच आकड्यांत अडकविणे, ही त्यांची तऱ्हा.

आता ते आकडे पाहू. 1901-02 च्या सुधारलेल्या अंदाजात सरकारास सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ नुकतेच होऊन गेलेले, पश्चिम हिंदुस्थानात प्लेगचे थैमान चालू, आणि अशा काळात तिजोरी ओसंडून वाहते आहे! सरकारपक्षाचा अर्थ सरळ होता: देशात बळ आहे, लोक सावरले आहेत. कौन्सिलातील इतर सभासदांनी अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांचे अभिनंदन केले. गोखले उठले आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात, या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही, असे नम्रपणे सांगितले.

त्यांचा मुख्य मुद्दा हुंडणावळीचा होता. हिंदुस्थानला दरवर्षी विलायतेत सुमारे 1 कोटी 70 लक्ष पौंड भरावे लागत. 1893 मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. 1894-95 मध्ये रुपयाचा भाव 13 पेन्सांच्या आसपास होता. तो पुढे चढवीत 16 पेन्सांवर आणला गेला. वाचकांनी स्वतःच त्रैराशिक मांडून पाहावे. पहिल्या भावाने ही रक्कम भरण्यास सवाएकतीस कोटींच्या आसपास रुपये लागत. दुसऱ्या भावाने साडेपंचवीस कोटींत काम भागते. म्हणजे शेतात एक दाणा अधिक न पिकता सरकारच्या पदरात साडेपाच कोटींहून अधिक पडले! आता, रुपया घसरला म्हणून तर 1886 मध्ये प्राप्तीवरचा कर बसविला होता आणि 1888 मध्ये मिठाचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. अडचण गेली, कर मात्र राहिले. जी शिल्लक दिसते ती समृद्धीची खूण नसून गरजेहून अधिक वसूल केलेल्या कराची खूण आहे, असे गोखल्यांचे म्हणणे. मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही, हेही त्यांनी सरकारी कागदांतूनच दाखविले. मिठाची गोणी बोलू लागली म्हणजे लाटसाहेबांसही ऐकावे लागते.

गोखल्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये असताना अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले होते, हे येथे सांगितले पाहिजे. आमच्यासारख्या मास्तरकी करणाराला ही गोष्ट विशेष गोड वाटते. पण एवढ्याने भागत नाही. या भाषणामागे आणखी एक मास्तर होते व त्यांचे नाव आज फार थोड्यांस ठाऊक आहे. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे हेडमास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख निनावी येत. निळ्या पुस्तकांतले आकडे त्यांस जणू तोंडपाठ असत. न्यायमूर्ती रानडे यांच्या पायाशी दोघांनीही हा अभ्यास केलेला. रानडे 1901 च्या जानेवारीत वारले आणि गोखल्यांना शंका विचारण्यास जोशी तेवढे उरले. अंदाजपत्रक हाती पडल्यापासून चर्चेच्या दिवसापर्यंतचा अवधी अगदी थोडा असे. ही तयारी आधी वर्षानुवर्षे झाली होती म्हणूनच तेवढ्या थोड्या दिवसांत असे भाषण उभे राहू शकले.

या काटेकोरपणाला आणखी एक कारण आहे, आणि ते दुःखाचे आहे. 1897 मध्ये गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले असता, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वर्तमानपत्रात सांगितली. परत येतात तो पुराव्यास कोणी पुढे येईना. रँडच्या खुनानंतरचे ते दिवस. कोण पुढे येणार? गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि आपल्याच लोकांकडून भ्याड म्हणवून घेतले. ती माफी योग्य की अयोग्य याचा वाद पुण्यात पुष्कळ झाला आहे. आम्हांस एवढेच दिसते, की पाच वर्षांनी कलकत्त्यास उभा राहिलेला मनुष्य सरकारच्या दप्तराबाहेरचा एकही आकडा हाती धरीत नव्हता. जे सरकार नाकारू शकणार नाही तेवढेच बोलावयाचे, हा नेम त्याने जणू पोळलेल्या हाताने लिहून ठेवला होता.

मग या जाबाचे फळ काय? 1903 च्या मार्चमध्ये मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तीवरील कराची किमान मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. 1905 मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, 1907 मध्ये एक रुपया. याचे सारे श्रेय गोखल्यांस देणारे चरित्रकार भक्तीच्या भरात बोलतात. दिल्लीदरबारात करमाफी जाहीर करण्याची खुद्द कर्झनसाहेबांचीच इच्छा होती आणि विलायतेतील वरिष्ठांनी ती मान्य केली नाही, ही गोष्ट आता प्रसिद्ध आहे. परंतु मिठावरचा कर चालू ठेवणे हे अवघड करून टाकणारा मनुष्य दरवर्षी मार्चमध्ये समोर बसलेला असे, हेही तितकेच खरे. अनेक वर्षे एकच प्रश्न, दरवेळी नव्या आकड्यांनिशी!

1909 च्या सुधारणांनी ठराव मांडण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांचे हत्यार थोडे लांब झाले. 25 फेब्रुवारी 1910 रोजी नाताळात मुदतबंद मजूर पाठविण्याविरुद्धचा त्यांचा ठराव सरकारने मान्य केला, आणि 1911 च्या जुलैपासून ती भरती बंद झाली. पण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे बिल 19 मार्च 1912 रोजी 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. तेथे आकडे त्यांच्या बाजूस होते, मते नव्हती. या बिलाला विरोध करणारांत काही आपलेही लोक होते, हे इतिहासाने विसरू नये.

गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी वारले. दुसऱ्या वर्षी मिठाचा कर सव्वा रुपया झाला. 1923 मध्ये सरकारने तो दुप्पट करण्याचे ठरविले. आता कौन्सिल मोठे झाले होते, निवडून आलेल्यांचे बहुमत होते, मते घेता येत होती. आणि असेंब्लीने ही वाढ फेटाळली. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेष अधिकाराने सही केली, आणि कर पुन्हा मणामागे नेमका अडीच रुपये झाला. 1888 चा तोच आकडा. असेंब्लीत पुन्हा भांडण झाले आणि 1924 मध्ये तो सव्वा रुपयावर आला.