लोखंडाचे वय

दातिवऱ्याला लोखंड लवकर म्हातारे होते. वैतरणा जेथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर अंगाला हे गाव. समोर पाण्यापलीकडे अर्नाळा. पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर ओळीने कोट आणि बुरूज उभारले, १७३७ ते १७३९ या वर्षांतील वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजांनी ते घेतले, आणि त्यांचा दगडचुना कोठे कोठे अजून वाऱ्यापावसाशी झगडत उभा आहे. पण त्याच वाऱ्यात उघडा टाकलेला लोखंडी खिळा पाहावा. एक पावसाळा गेला की तांबूस, दुसरा गेला की त्याचे पापुद्रे सुटू लागतात. खाऱ्या हवेला दगड पुरून उरतो, लोखंड नाही.

किनाऱ्यावरच्या कोळ्याला हे शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात होडी वर ओढली की तो तिच्या तळाशी बसतो, चिकटलेले शिंपले खरवडतो, फळ्यांच्या सांध्यांतून बोट फिरवतो, जेथे कापूस सैल झाला असेल तेथे नवा ठोकतो, तेल पाजतो. नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात. ती वडिलांच्या वेळची की आजोबांच्या, ही चौकशी गप्पांपुरती; खरी चौकशी फळीची आणि सांध्याची. मात्र सफाळ्याकडून मासळी न्यायला येणाऱ्या मालमोटारीला आज पहिला प्रश्न विचारला जातो तो वयाचा. तुझी पंधरा वर्षे भरली का?

मोटारीचे वय कशाने मोजावे, हा वाद नवा वाटतो; पण महाराष्ट्रात त्याला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. तो सहसा लिहिला जात नाही. राजेरजवाड्यांचा तो नव्हेच, सेनापतींचाही अर्धामुर्धाच. गाडीखाली पाठीवर निजून वर पाहणाऱ्या माणसांचा तो इतिहास आहे, आणि अशी माणसे बखरी लिहून ठेवीत नाहीत.

त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. कॅनडातील फोर्ड आणि शेव्हरोले कारखान्यांनी साम्राज्याच्या फौजांसाठी चपट्या नाकाच्या, उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या लष्करी लॉऱ्या लाखांनी बनवल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ हिंदुस्थानात आल्या. कॅनडाच्या फोर्ड गाड्यांच्या सांगाड्यावर जमशेटपूरचे पोलाद चढवून चिलखती गाड्याही केल्या गेल्या; सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. इतकी यंत्रे एकाएकी आली, तेव्हा ती चालवणारे मिळाले पण सांभाळणारे कमी पडले. त्यातूनच १५ ऑक्टोबर १९४३ रोजी लष्करात दुरुस्तीचे वेगळे दल निघाले. आज आपण त्याला ई.एम.ई. म्हणतो.

यंत्र सांभाळणे म्हणजे काय, याचा अंदाज एका रणगाड्यावरून यावा. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रह्मदेशातील मेइक्तिला येथे डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या आपल्या रिसाल्यांनी जे शेर्मन रणगाडे लढवले, त्यांच्या पोटात पाच मोटार-इंजिने एकत्र जोडून एक केले होते. युद्धाच्या घाईत अमेरिकनांना मोठे इंजिन पुरेसे मिळेना, म्हणून हा तोडगा. म्हणजे सिलिंडर तीस आणि स्पार्क प्लगही तीस! ज्या घरात एका स्कूटरचा एक प्लग रविवारची सकाळ खातो, त्या घरातल्या वाचकाने ब्रह्मदेशाची धूळ आणि हे तीस प्लग डोळ्यांपुढे आणावेत.

साखळपट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची तपासणी चाकाच्या गाडीहून निराळी असते. पट्टा म्हणजे लोखंडी कड्यांची माळ. प्रत्येक दोन कड्यांत एक खीळ. खीळ झिजते ती केसभर, पण पट्ट्यात खिळी डझनांनी असल्यामुळे सगळी झीज मिळून पट्टा वीतभर लांबतो आणि सैल लोंबू लागतो. मग तो ताणायचा. ताणण्याची सोय संपली की एक कडे काढून टाकायचे. ओढणाऱ्या दातेरी चाकाचे दात एका बाजूने झिजून वाघनखासारखे वाकतात. ते वेळेत पाहिले नाही तर पट्टा वळणावर उतरतो, आणि रणांगणात पट्टा उतरलेला रणगाडा म्हणजे जागच्या जागी बसलेले लक्ष्य. हे सारे पाहायला उपकरण कोणते? हातोडी, पहार आणि डोळा. हातोडीने ठोकल्यावर धड लोखंड खणखणते, चिरलेले बद्द वाजते. आपल्याकडे बाजारात मडके घेताना बायका बोटाने वाजवून पाहतात, त्यातलेच हे शास्त्र.

फौजेने आणखी एक गोष्ट शिकवली: वेळ बांधून पाहणे. निघण्यापूर्वी एकदा, वाटेत थांबल्यावर एकदा आणि मुक्कामाला पोचल्यावर एकदा. वाटेतल्या तपासणीत चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहायचा. एक तुंबा बाकीच्यांहून तापलेला असेल तर आतला ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग जाते आहे. चाकाच्या नटाशेजारी तांबड्या गंजाची बारीक रेघ ओघळलेली दिसली तर नट सैल आहे. इंजिनाचे तेल दुधाळ झाले तर त्यात पाणी शिरले आहे. आणि दिसले ते गाडीच्या वहीत त्याच दिवशी लिहायचे. या वहीमुळे गाडीला पूर्वचरित्र लाभले. ड्रायव्हर बदलला तरी गाडीचे दुखणे नव्या माणसाला ठाऊक असे.

या शिस्तीची कसोटी स्वातंत्र्यानंतर लगेच लागली. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवर शत्रूने झाडे पाडली होती, सुरुंग पेरले होते. वाट मोकळी करण्याचे काम बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्याकडे आले. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, आणि बॉम्बे सॅपर्सचे घर आपल्या पुण्याजवळच्या खडकीला. गोळीबार चुकवण्यासाठी राणे चालत्या स्टुअर्ट रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मध्ये, रांगत पुढे सरकले. थांब आणि चल, हे ड्रायव्हरला दोरीच्या ओढीने कळवायचे. या पराक्रमाबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र नेहमी त्या रणगाड्याच्या ब्रेकची आठवण होते. कोणा फिटरने आदल्या रात्री तो तपासला असेल, आणि सकाळी त्याच्याखाली काय येणार आहे याची त्याला कल्पनाही नसेल.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जोजीला खिंडीत, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, जाऊन उभे राहिले आणि लडाखची वाट मोकळी झाली. रणगाडे येत असल्याचा सुगावा लागू नये म्हणून वाटेत त्यांचे वरचे बुरूज उतरवले होते. इतक्या उंचीवर रणगाडे तोपर्यंत कोणी लढवले नव्हते. हे महायुद्धातले, वापरलेले रणगाडे होते हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

युद्ध संपल्यावर सरकारने ज्या लष्करी लॉऱ्या विकायला काढल्या, त्या कोणी कंत्राटदाराने घेतल्या, कोणी भाडोत्री मालवाहतुकीला लावल्या. त्यांचा मूळ कारखाना सात समुद्रांपलीकडे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जुळवण्याचा कारखाना १९२८ पासून होता; पण नुसत्या जुळवणीपेक्षा देशात निर्मिती करा, असे सरकारचे धोरण ठरल्यावर तो १९५४ मध्ये बंद झाला. धोरण बरोबरच होते. त्याच वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेटपूरला मालमोटारी बांधायला घेतल्या आणि पुढे त्यांनीच रस्ते व्यापले. पण जुन्या शेव्हरोलेचा धनी त्या दिवसापासून पोरका झाला, हेही खरे. सुटा भाग मिळेना तेव्हा तो लेथवर कातून घेतला गेला, एका मेलेल्या गाडीचे काळीज दुसरीत बसले, आणि ‘मिस्त्री’ हा शब्द सुतारागवंड्यांच्या बरोबरीने मोटारीच्या कारागिरालाही आदराने लागू लागला.

एस.टी.ची कथा याच काळातली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, हे बहुतेकांना पाठ असते. त्या सुरुवातीच्या ताफ्यात किती जाती होत्या ते सहसा कोणी सांगत नाही. शेव्हरोले, फोर्ड, बेडफोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट: दहा कंपन्यांच्या गाड्या! दहा जातींचे नट, दहा जातींचे ब्रेक, दहा जातींच्या खोडी. दापोडीच्या कारखान्यात आणि गावोगावच्या डेपोंत जी माणसे तयार झाली ती या दहा जातींच्या शाळेत. रात्री शेवटची गाडी आत आली की तिला खड्ड्यावर घ्यायचे, खाली उतरून कमानीचे पाटे मोजायचे, मोडका पाटा शोधायचा, ग्रीस भरायचे, आणि पहाटेच्या गाडीला ती परत द्यायची. प्रवाशाला हे काही दिसत नाही. त्याला गाडी उशिरा सुटलेली तेवढी दिसते.

कायदाही मागे नव्हता. १९३९ च्या मोटार कायद्यानेच भाड्याच्या गाडीला लायकीचा दाखला सक्तीचा केला. १९८८ च्या कायद्यात तो कायम राहिला. आपल्या भाषेत हे ‘पासिंग’. पासिंगच्या आदल्या आठवड्यात गाडीला रंग लागतो, मागे फुले आणि मोर चितारले जातात, नव्या लिंबू-मिरच्या येतात. रंगाचे मला वावडे नाही. पण खाऱ्या हवेतल्या गाडीचा रंग हा तपासनिसाने संशयानेच पाहावा. सांगाड्याच्या जोडाला, रिव्हेटच्या टोपीभोवती, कमानीच्या टांगणीपाशी गंज धरतो, आणि ताज्या काळ्या रंगाखाली चीर झाकून जाते. वर्षाकाठी एकदा पाहिलेली गाडी ही पाहिलेली गाडी नव्हे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोणी पाहिले, यावर घाटात तिच्यामागे येणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडलेले लोक हे विसरतात, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पुणे हॉर्सने सेंच्युरियन रणगाडे लढवले. सेंच्युरियनचे पहिले नमुने १९४५ मध्येच तयार झाले होते, म्हणजे १९७१ मध्ये ही जात पाव शतकाची होती. १९६५ मध्ये फिलोऱ्याच्या लढाईत या रिसाल्याचे नेतृत्व केले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी. ज्यांच्या आडनावातच तारापूर आहे, त्यांचे नाव पालघरच्या वाचकाला परके वाटू नये. १९७१ मध्ये याच रिसाल्याचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेले, एकवीस वर्षांचे, १६ डिसेंबरला ज्या रणगाड्यात लढता लढता पडले त्याचे नाव ‘फामागुस्ता’. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. फामागुस्ता शत्रूच्या हाती गेला, पुढे परत आला, दुरुस्त झाला आणि अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, चिलखती दलाच्या केंद्रात जतन करून ठेवला आहे.

त्याच गावी १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो, शेर्मन, स्टुअर्ट आणि पाकिस्तानकडून घेतलेल्या पॅटनपर्यंत पिढ्यान् पिढ्या तेथे उभ्या आहेत. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तोफांपाशी छायाचित्रे जरूर काढावीत. मग जरा खाली वाकून पट्ट्याच्या खिळी आणि दातेरी चाकाचे दातही पाहावेत. कोणता रणगाडा किती चालला ते तेथे लिहिलेले सापडते. आणि ही यंत्रे कोरड्या दख्खनच्या हवेत आहेत, हे त्यांचे भाग्य. दातिवऱ्याला ठेवली असती तर रंगाऱ्याला उसंत मिळाली नसती.

आता पंधरा वर्षांच्या प्रश्नाकडे येऊ. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या गाड्या भंगारात काढण्याचा कार्यक्रम जाहीर केला. खाजगी मालकाच्या मालमोटारीला त्यात दार उघडे आहे: यंत्राच्या तपासणीत उतरली तर चालवा, नापास झाली तर मोडा. वयापेक्षा तपासणीला मान देणारी ही बाजू मला पटते. किनाऱ्यावरच्या एका मोटारीच्या मालकाला ती मोटार म्हणजे त्याचे शेतच असते, आणि शेत कोणी वाढदिवस पाहून काढून घेऊ नये. जुन्या इंजिनाचा धूर हा मात्र खरा आक्षेप आहे, त्याला हातोडीचे उत्तर नाही. सरकारी गाड्यांना हे दार ठेवलेले नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे भरलेल्या सरकारी गाडीची नोंदणी संपते, मग तिची वही कितीही स्वच्छ असो, आणि त्यात एस.टी.च्या गाड्याही आल्या. या नियमातून सूट दिली ती लष्कराच्या आणि सुरक्षादलांच्या चिलखती व खास कामाच्या गाड्यांना. त्यांचे वय आजही पूर्वीसारखेच ठरते: खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या कारखान्यात यंत्र शेवटच्या नटापर्यंत खोलतात, एकेक भाग धुऊन ओळीने मांडतात, आणि प्रत्येकाला हातात घेऊन पाहतात.