पुस्तक हातीं देणारा

कोणतें पुस्तक वाचावें हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदां भलत्याच माणसास विचारण्यांत येतो. मुलगा परीक्षा उतरला म्हणजे बाप पुस्तकांच्या दुकानांत जातो, आणि दुकानदार फळीवर जें पडून राहिलें असेल तें मोठ्या आदरानें पुढें करितो. नियतकालिकांतून उत्तमोत्तम ग्रंथांच्या याद्या येतात. त्यांत चरित्र असतें, प्रवासवर्णन असतें, दोनचार कादंबऱ्याही असतात. पण यादी करणाऱ्यानें आपला वाचक पाहिलेला नसतो. ज्यानें ग्रंथही वाचला आहे आणि वाचकही वाचला आहे, असा शिफारस करणारा क्वचित् भेटतो. अशाच एका गृहस्थाची ही हकीकत आहे.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहराजवळचें गारखेडा हें एके काळीं निराळें खेडें होतें. आज तें शहरांत इतकें मिसळून गेलें आहे कीं, सीमा दाखवूं म्हटल्यास दाखवितां येणार नाहीं. येथील नोकरीपेशाच्या कुटुंबांतील मुलें उच्च शिक्षणासाठीं शहराच्या दुसऱ्या टोकास जातात, तेव्हां नागसेनवनाचा परिसर त्यांच्या परिचयाचा होतो. मिलिंद महाविद्यालय तें हेंच. या दोन्ही नांवांचा उगम एका पाली ग्रंथांत आहे हें कित्येकांस ठाऊक असेल. परंतु त्या नांवांचा माग काढीत गेल्यास आपण मुंबईच्या एका बागेंत जाऊन पोंचतों, ही गोष्ट तितकी परिचित नाहीं.

ही बाग चर्नी रोडची. विसाव्या शतकाच्या आरंभीं एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकणारा एक मुलगा तेथें सायंकाळीं वाचीत बसे. घरीं वाचण्यास जागा नव्हती. परळच्या चाळींत सुभेदार रामजींचें बिऱ्हाड एका खोलीचें होतें. मुलानें संस्कृत शिकावें अशी रामजींची फार इच्छा होती. परंतु मुलगा महार जातीचा, म्हणून संस्कृताच्या वर्गाचें दार त्यास उघडलें नाहीं आणि त्यानें नाइलाजानें फारसी घेतली. पाठ्यपुस्तकांपलीकडचीं पुस्तकें विकत घेण्याचा हट्ट तो बापापाशीं धरी. बापाजवळ पैसा नसला म्हणजे रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन उसने आणीत, प्रसंगीं त्यांचा दागिना गहाण ठेवीत. मुलाचें नांव भीमराव रामजी आंबेडकर हें सांगावयास नकोच.

त्या बागेंत येऊन बसणारे दुसरे गृहस्थ म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४). वेंगुर्ल्याजवळील केळूस गांवचे हे गृहस्थ मुंबईस शिक्षक होते. आज त्यांचें नांव मुख्यत्वें शिवचरित्रकार म्हणून घेतलें जातें, व तें योग्यच आहे. १९०६-०७ च्या सुमारास बाहेर पडलेला तो ग्रंथ मोठ्या परिश्रमाचा आहे, आणि त्याच्या आधारें तकाखव यांनीं सिद्ध केलेलें इंग्रजी चरित्र १९२१ मध्यें प्रसिद्ध झालें. परंतु त्यापूर्वींच त्यांनीं तुकारामबावांचें चरित्र लिहिलें होतें आणि १८९८ मध्यें गौतम बुद्धाचें. हा क्रम आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. विद्वत्तेचा मान ज्या काळीं बव्हंशीं एकाच वर्गाकडे होता, त्या काळीं मराठा समाजांतील एक शाळामास्तर एकापाठोपाठ एक संत, एक धर्मसंस्थापक आणि एक राज्यसंस्थापक यांचीं चरित्रें मराठी वाचकांच्या हातीं देतो. त्यांतील प्रत्येक पुरुष जन्मजात अधिकाराच्या कल्पनेशीं कोठें ना कोठें झगडलेला आहे. केळूसकरांनीं त्या मुलाची चौकशी केली, त्यास पुस्तकें आणून देण्यास आरंभ केला आणि पुढें आपलें बुद्धचरित्रही दिलें.

हें चरित्र नेमकें केव्हां दिलें, याविषयीं दोन परंपरा आहेत. चरित्रकार धनंजय कीर यांच्या लेखनावरून रूढ झालेली हकीकत अशी कीं, १९०७ मध्यें भीमराव मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखालीं सत्कारसभा भरली व तींत केळूसकरांनीं पुस्तक भेट दिलें. उलट, स्वतः डॉ. आंबेडकरांनीं १९५६ मध्यें ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठीं एक प्रस्तावना लिहिली होती, जी १९५७ च्या पहिल्या आवृत्तींत छापली गेली नाहीं. तींत त्यांनीं हा प्रसंग इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाल्या वेळचा म्हणून सांगितला असून अध्यक्षस्थानीं केळूसकरच होते असें म्हटलें आहे. समाजांतील लोकांस ती सभा भरवावयाची होती. मुलाच्या डोक्यांत हवा शिरेल म्हणून वडील तयार होईनात. तेव्हां लोक रामजींचे स्नेही दादा केळूसकर यांजकडे गेले व त्यांच्या शब्दावर रामजी वळले, असा तपशील तेथें आहे. आमचा कल या दुसऱ्या हकीकतीकडे आहे. पासष्टीच्या घरांतील माणसाची स्मृति तारखेला चुकेल. पण आपल्या बापाचा नकार आणि तो मागें घेण्यास लावणारा माणूस यांची आठवण ती सहसा बिघडवीत नाहीं. पुस्तक कोणतें व तें कोणी दिलें, याविषयीं मात्र दोन्ही पक्षांत वाद नाहीं.

त्याच प्रस्तावनेंत आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. आपण बुद्धाकडे गेलों तें कोऱ्या मनानें गेलों नाहीं, असें बाबासाहेब सांगतात. घरांत कबीरपंथाचें वातावरण होतें, आणि रामायण-महाभारत वाचण्याची रामजींची सक्ति होती. या ग्रंथांतील कित्येक पात्रें मुलास रुचत नसत व तो बापाशीं वाद घाली. बुद्धाचे ग्रंथ आम्हांस कां दिले नाहींत, असेंही त्यानें पुढें विचारलें. म्हणजे केळूसकरांचें पुस्तक पडलें तें नांगरलेल्या जमिनींत. तेंच चरित्र त्या वर्षीं इतर शंभर विद्यार्थ्यांच्या हातीं गेलें असतें तर त्यांतील नव्याण्णवांनीं तें सद्बोधपर म्हणून बाजूस ठेविलें असतें, अशी आमची समजूत आहे.

एक योगायोग येथेंच नोंदवितों. बाबासाहेबांच्या सांगण्याप्रमाणें केळूसकरांनीं हें चरित्र बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठीं लिहिलेलें होतें. पुढें इंटरमीजिएटनंतर भीमरावांचें शिक्षण खुंटण्याची वेळ आली, तेव्हां केळूसकरांनींच त्यांना महाराजांच्या भेटीस नेलें आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. दुसरीकडे गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांची कथा पाहावी. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बाळबोध’ मासिकांतील बुद्धाविषयींचा मजकूर वाचून या तरुणाच्या मनांत जी ओढ उत्पन्न झाली, तिच्यापायीं त्यानें १८९९ मध्यें घर सोडलें व पुणें, काशी, नेपाळ करीत तो सिंहलद्वीपापर्यंत गेला. पाली ग्रंथांत पारंगत होऊन तो परतला तेव्हां, महाराष्ट्रांत राहून काम करावें अशा अटीवर दरमहा ५० रुपये देणारे तेच सयाजीराव होते. मुलांसाठीं काढलेल्या मासिकाचीं चार पानें आणि शाळामास्तराचें एक पुस्तक, या दोहोंच्या मागेंपुढें एकाच राजाचा हात दिसावा हें मौजेचें आहे. अर्थात् सयाजीरावांस ग्रंथप्रसाराचें महत्त्व कळत होतें; अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस १९१० मध्यें बोलावून त्यांनीं संस्थानभर वाचनालयें व पुस्तकांच्या फिरत्या पेट्या यांची व्यवस्था उभी केली. तरीही पेटी गांवीं पोंचविणें निराळें आणि पेटींतील नेमकें एक पुस्तक नेमक्या एका मुलास देणें निराळें. पहिलें काम द्रव्यानें होतें. दुसऱ्यास केळूसकर लागतात.

पुढील चरित्र सर्वश्रुत आहे, म्हणून त्वरेनें जातों. १९१३ मध्यें भीमराव अमेरिकेस गेले. तेथें पोट मारून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शेंकडों ग्रंथ घेतले. १९१७ मध्यें परततांना सामान निराळ्या जहाजानें पाठविलें होतें. महायुद्धाच्या त्या धामधुमींत तें जहाज पाणतीरानें बुडालें. ज्या मुलास वाचावयास बाग शोधावी लागली, त्यानें पुढें दादरला ‘राजगृह’ बांधलें तें ग्रंथांस जागा व्हावी म्हणून. १९४५ मध्यें त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि दुसऱ्या वर्षीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढलें. त्यानंतरच्या महाविद्यालयासाठीं त्यांनीं औरंगाबाद निवडलें.

ही निवड सोपी नव्हती. विद्येच्या दृष्टीनें हें शहर उजाड होतें असें मात्र कोणी समजूं नये. मौलवी अब्दुल हक यांनीं ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचा कारभार कित्येक वर्षें येथून चालविला, आणि ‘उर्दू’ हें त्रैमासिक १९२१ मध्यें येथूनच काढलें. पण १९४८ पर्यंत निजामी अंमलांत उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू असल्यामुळें मराठी खेड्यांतील मुलास त्या दारापर्यंत पोंचणें कठीण होतें. दलित मुलास तर स्वप्नवतच. १९५० च्या जून महिन्यांत सोसायटीचें महाविद्यालय येथें सुरू झालें व १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें इमारतीची कोनशिला बसली.

महाविद्यालयाला पुढें ‘मिलिंद’ हें नांव मिळालें. संस्थापकाचें, दात्याचें किंवा देवतेचें नांव देण्याची आपली रूढि. येथें नांव मिळालें तें ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथांतील यवन राजाचें. हा राजा म्हणजे ग्रीक मिनँडर, राजधानी सागल. वादांत आपणांस जिंकणारा कोणी नाहीं अशी त्याची घमेंड होती. भिक्षु नागसेनानें एकेका प्रश्नास उत्तर देत ती उतरविली. रथ म्हणजे चाकें का, आंस का, जू का, असें विचारीत राजाला त्याच्याच रथावरून ‘मी’ या कल्पनेचा विचार करावयास लावणारा तो संवाद आजही ताजा वाटतो. हरलेल्या राजाचें नांव विद्यालयास आणि जिंकलेल्या भिक्षूचें नांव परिसरास, ही योजना आम्हांस फार आवडते. प्रश्न विचारणें आणि पटलें तर हार मानणें, हा विद्यार्थ्याचा धर्म तींत आला. शिवाय दारावरच्या पाटीनेंच प्रत्येक नवागतास एका ग्रंथाची शिफारस करून ठेविली.

केळूसकरांची रीत येथें पुन्हां एकदां दिसली ती म. ना. वानखेडे (१९२४–१९७८) यांच्या रूपानें. इंग्रजीचे हे प्राध्यापक अमेरिकेंत अभ्यास करून आले ते तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या वाङ्मयाचा परिचय घेऊन. राइट, एलिसन, बाल्डविन यांचें हें वाङ्मय: कादंबरी आहे, आत्मकथन आहे, निबंधही आहे. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाल्यावर त्यांनीं भोवतालच्या तरुण लेखकांस तें वाचण्याचा आग्रह धरला. मराठींत कोणास अनुसरावें या विवंचनेंत असलेल्या मुलांस त्यांनीं दाखविलें कीं, सात समुद्रांपलीकडे दुसऱ्या कांहीं माणसांनीं अपमानाचें वाङ्मय केलें आहे आणि त्यासाठीं कोणाची परवानगी मागितलेली नाहीं. परक्या ग्रंथांचें अनुकरण होईल असा आक्षेप तेव्हांही निघाला. तो आम्हांस मान्य नाहीं. स्कॉट आणि रेनॉल्ड्स वाचून मराठी कादंबरी वाढली तेव्हां हा आक्षेप इतक्या जोरानें कोणी घेतल्याचें दिसत नाहीं. याच परिसरांतून १९६७ मध्यें ‘अस्मिता’ हें नियतकालिक निघालें व तेंच पुढें गंगाधर पानतावणे यांनीं ‘अस्मितादर्श’ या नांवानें दीर्घकाळ चालविलें. जनार्दन वाघमारे यांचा ‘अमेरिकन नीग्रो: साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ १९७८ मध्यें आला, आणि ज्यांस इंग्रजी अवघड जाई त्यांचीही सोय झाली.

आतां, हें वाचून कोणा गृहस्थास आपल्या घरच्या मुलामुलींपुढें यांतील कांहीं ठेवावेंसें वाटलें, तर आमचें मत स्पष्ट सांगतों. केळूसकरांचें शिवचरित्र तपशिलानें भरलेलें आहे. पंधरा वर्षांच्या आंतील मुलास तें जड जाईल. त्यांच्या बुद्धचरित्राची भाषा जुनी असली तरी गति चांगली आहे. ‘मिलिंदपञ्ह’ सलग वाचूं नये; रथाचा संवाद घरांत मोठ्यानें वाचावा व तेथेंच थांबावें, मुलें पुढचें आपण मागतील. वाघमारे यांचा ग्रंथ महाविद्यालयांत गेलेल्यांसाठीं. कोसंबींचें ‘निवेदन’ मात्र सर्वांआधीं द्यावें. तें आत्मचरित्र असून प्रवासवर्णनही आहे, आणि घर सोडतांना त्या माणसाची जी घालमेल झाली ती त्यानें कोठेंही झांकलेली नाहीं.