स्वच्छ पाणी आणि मेलेले मासे

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका पराभवाची गोष्ट सांगतो. पराभव माझाच, आणि रणांगण म्हणजे नोएडातल्या आमच्या फ्लॅटचा दिवाणखाना.

निवृत्तीनंतर नातीसाठी दीडशे लिटरची काचेची टाकी आणली, चार गोल्डफिश सोडले. वर्षभर सगळं छान चाललं. मग डिसेंबरात आणखी दोन मासे आणून थेट टाकीत सोडले. आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मी फौजी माणूस. आजार म्हणजे घाण, असा सरळ हिशेब केला. वाळू उकळून काढली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला, ताजं पाणी भरलं. टाकी आरशासारखी झाली. पुढच्या पाच दिवसांत चार मासे मेले. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर सगळं स्वच्छ केलं होतं ना?"

या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासात मिळालं.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ साली त्यांनी टाकीत दोन गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. तिची जुनी पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्यांनी पाण्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी नितळ झालं. १८५० मध्ये वॉरिंग्टन यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. माझ्या पिढीतल्या अनेकांनी शाळेच्या सहलीत पहिला मोठा मासा पाहिला तो तिथेच.

पण एक कोडं राहिलं होतं. वनस्पती प्राणवायू देतात हे ठीक. माशांच्या अंगातून सतत बाहेर पडणाऱ्या विषारी अमोनियाचं काय होतं?

उत्तराचा धागा १८७७ मध्ये फ्रान्समध्ये सापडला. श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू-चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम बंद पडलं. पुढे बागेतल्या मातीचं थोडं पाणी नळीत घातलं, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम सूक्ष्मजीवांचं होतं! पुढची पायरी इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने चढली. त्याचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन, टाकीवाल्या वॉरिंग्टन यांचाच मुलगा. हे काम दोन टप्प्यांत होतं, असं त्याने दाखवलं. आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू वेगळे काढणं मात्र १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांना जमलं. वडिलांच्या टाकीत जे गुपचूप चाललं होतं, त्याचं गणित मुलाने मांडलं.

आता माझी चूक ऐका. फौजेत आम्ही पाण्यात ब्लीचिंग पावडर घालायचो. क्लोरीनचा वास आला की पाणी सुरक्षित, हे डोक्यात पक्कं बसलेलं. नळाच्या त्याच क्लोरीनने आणि उकळत्या पाण्याने मी टाकीतले कामकरी जिवाणू मारून टाकले. ठिपक्यांचा परजीवी मात्र माशांच्या कातडीखाली शाबूत राहिला. अमोनिया साठत गेला. त्यात आमच्याकडचं पाणी जड आणि अल्कधर्मी. अशा पाण्यात अमोनिया जास्तच मारक ठरतो. यमुनेत अमोनिया वाढला की वझीराबाद आणि चंद्रावळ इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन कमी करावं लागतं, ही बातमी दिल्लीकर हिवाळ्यात वाचतात. तोच हा अमोनिया.

उरलेले दोन मासे मी वेगळ्या टबात ठेवले. क्लोरीन काढलेलं पाणी, लिटरला दोन ग्रॅम साधं मीठ दोन दिवसांत हळूहळू, हीटरने तापमान सावकाश २७ अंशांपर्यंत, रोज चौथा हिस्सा पाणी बदल. कातडीखालच्या परजीवीला औषध गाठू शकत नाही. तो मासा सोडून पाण्यात उतरतो तेव्हाच मारता येतो. म्हणून ठिपके गेले तरी दोन आठवडे उपचार थांबवले नाहीत.

मोठी टाकी तोवर माशांविना चालू ठेवली. एका मित्राच्या निरोगी टाकीतला मळका स्पंज आणून आमच्या फिल्टरमध्ये बसवला. श्लोसिंग यांच्या बागेतल्या मातीचं काम त्याने केलं. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिलो, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळावा. चाचणीच्या बाटल्यांत आधी अमोनिया वाढला, मग नायट्राइट. चौथ्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. तेव्हा कुठे मासे परत सोडले.

आता नवा मासा आला की तीन आठवडे वेगळा राहतो. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता हलवायचा. त्या कामावर नातीची नेमणूक आहे आणि माझ्यावर तिची नजर असते.

पुढच्या भागात पुन्हा लढाईकडे वळू. जय हिंद.