रोशा गवताचे तेल : 'औषधी गुण सिद्ध' म्हणजे प्रयोगशाळेत नेमके काय होते?

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर आहे. नव्या वस्तीत औषधांची चकचकीत दुकाने असली, तरी जुन्या वस्त्यांत काष्ठौषधीच्या दुकानाची सवय अजून मोडलेली नाही. गुडघे धरले, अंगाला खाज सुटली, डास फार झाले की वऱ्हाडात ज्या तेलांची नावे निघतात, त्यांत एक म्हणजे रोशाचे तेल, म्हणजेच तिखाडीचे तेल. आता हेच तेल छोट्या बाटल्यांतही मिळते आणि तिच्यावर बहुधा एक वाक्य छापलेले असते : 'औषधी गुण प्रयोगशाळेत सिद्ध'. हे वाक्य पूर्ण खोटे नसते. ते कितपत खरे आहे, हे मात्र प्रयोगशाळेत काय केले त्यावर अवलंबून असते.

रोशा हे सातपुड्याच्या उतारांवर रानात वाढणारे उंच, सुगंधी गवत आहे. पावसाळा सरता सरता त्याला फुलोरा येतो. तेलाचे प्रमाण पानांपेक्षा या फुलोऱ्यात जास्त असते, काडीत नगण्य. म्हणून कापणी फुलोऱ्यावर केली जाते. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. त्यातला 'मार्टिन' म्हणजे लखनौचा क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात त्याने बी गोळा केले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी त्याचे नाव या गवताला दिले.

एकोणिसाव्या शतकात खानदेशातील पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या भागांत ओढ्याच्या काठी भट्ट्या लावून हे तेल काढत. माल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तिथे त्याची खरी उपयुक्तता ठरे : महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ! रोशाच्या तेलाला गुलाबासारखा वास आहे, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हे एकच द्रव्य आहे. म्हणजे जगाच्या बाजारात या तेलाची ओळख भेसळीचा माल म्हणून झाली. आज त्याच्यातच भेसळ होते.

आधी तेल कोणते ते ठरवा

औषधी गुण तपासण्याआधी प्रयोगशाळेला विचारावा लागणारा पहिला प्रश्न साधा आहे : बाटलीत आहे ते रोशाचेच तेल आहे का? आणि रोशाचे असेल तर कोणत्या जातीचे? कारण या गवताचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे की शेतात उभ्या माणसाला ते ओळखणे कठीण जाते. मोतियाच्या तेलात साधारण ७५ ते ८५ टक्के जिरॅनिऑल असते. सोफियाच्या तेलात ते बरेच कमी आणि लिमोनीनसारखी इतर द्रव्ये अधिक असतात. त्याला मोतियापेक्षा कमी भाव मिळतो. एका प्रकारावर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्याच्या बाटलीवर छापणे म्हणजे हापूसचा अहवाल रायवळ आंब्याला लावण्यासारखे आहे.

म्हणून सुरुवात भौतिक मोजमापांनी होते : घनता (मोतियासाठी साधारण ०.८८ ते ०.८९), अपवर्तनांक, प्रकाश वळवण्याची क्षमता. मग विद्राव्यता पाहतात. शुद्ध तेल ७० टक्के अल्कोहोलच्या दोन-तीन पटींत स्वच्छ विरघळते. त्यात रॉकेल, टर्पेंटाइन किंवा खोबरेल असेल तर मिश्रण गढूळ होते. कागदावर थेंब टाकून ठेवण्याची जुनी परीक्षाही आहे. सुगंधी तेल उडून जाते, खाण्याच्या तेलाचा तेलकट डाग मागे राहतो. या दोन्ही परीक्षा शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला फारशा खर्चाविना करता येतात.

खरी ओळख पटवते ती गॅस क्रोमॅटोग्राफी. तेलाचा अगदी सूक्ष्म अंश तापवून वायुरूपात एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेगाने बाहेर येतो आणि संगणकावर एकेक शिखर उमटते. जोडीला मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर ते शिखर कोणत्या द्रव्याचे हेही कळते. आता भेसळ करणारेही हुशार झाले आहेत. सिट्रोनेला तेलातून काढलेले किंवा कारखान्यात बनवलेले जिरॅनिऑल मिसळले, तर मुख्य शिखर बरोबर जागी येते. तेव्हा लक्ष द्यायचे ते लहान शिखरांकडे. जिरॅनिल अ‍ॅसिटेट, लिनालूल, कॅरिओफिलीन यांचे आपसातले प्रमाण बिघडले की संशय घ्यायला जागा असते.

जंतू मरतात, पण कुठे?

ओळख पटली की औषधी गुणांची पाळी. सर्वांत प्रचलित चाचणी म्हणजे काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजायचे. छायाचित्रात हे वर्तुळ फार छान दिसते, त्यामुळे जाहिरातीतही तेच येते. अडचण अशी की सुगंधी तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे ओल्या माध्यमात ते नीट पसरत नाही. शिवाय ते उडते. वर्तुळ लहान आले तर तेल कमकुवत आहे की पसरलेच नाही, हे कळत नाही.

त्यापेक्षा विश्वासार्ह पद्धत म्हणजे जंतू वाढू न देणारी किमान मात्रा काढणे. तेल ट्वीनसारख्या द्रव्याने पाण्यात मिसळून पायरीपायरीने पातळ करत नेतात. सोबत एका नळीत फक्त ट्वीन आणि एका नळीत ठाऊक असलेले प्रतिजैविक ठेवतात. ही तुलनेची नळी नसेल तर निकाल कितीही चांगला असो, तो बाजूला ठेवावा. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये ५२ वनस्पतिजन्य तेले व अर्क दहा प्रकारच्या सूक्ष्मजीवांवर अशाच पद्धतीने तपासले. त्यांत रोशाचे तेलही होते. अशा चाचण्यांत हे तेल अनेक जिवाणूंची व बुरशीची वाढ रोखते. स्यूडोमोनाससारखा चिवट जंतू मात्र बहुतेक सुगंधी तेलांना दाद देत नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा, ०.१ टक्के तेलाने नळीतला जंतू थांबला. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. तेवढेच प्रमाण रक्तात आणायचे तर पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर शुद्ध तेल थेट रक्तात असायला हवे. पोटात घेतलेले जिरॅनिऑल यकृत झपाट्याने बदलून टाकते, आणि चमचाभर तेल पिणे हा भलताच प्रकार आहे. म्हणून नळीतल्या यशाचा अर्थ त्वचेवर लावण्यापुरता शोधावा. 'पोटातला संसर्ग बरा होतो' असा तो काढता येत नाही.

असेच जंतांचे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तेलातले जिरॅनिऑल सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीला मारते असे आढळले. पण तो कृमी मातीत स्वतंत्रपणे राहणारा. मुलांच्या आतड्यातला जंत वेगळा, त्याची राहण्याची जागाही वेगळी. हा अभ्यास पुढच्या संशोधनाला दिशा देतो. तिथून थेट औषधाच्या बाटलीकडे वळणे घाईचे होईल.

डासांच्या बाबतीत पुरावा एक पायरी पुढचा आहे. सोफिया प्रकाराचे तेल अंगाला लावून कार निकोबार बेटावरील आदिवासी गावांत अ‍ॅनोफिलिस डासांविरुद्ध तपासले गेले, आणि त्याचे निष्कर्षही २००३ मध्ये आले. म्हणजे बशीत नव्हे, तर माणसाच्या कातडीवर, खऱ्या गावात. तेलाने डासांना दूर ठेवल्याचे दिसले. मात्र येथे तपासलेला प्रकार सोफिया, स्वस्त मानला जाणारा, हे लक्षात ठेवावे.

आणि गुडघे? ब्रिटिश काळातल्या औषधीग्रंथांतही संधिवातावर बाहेरून चोळण्यासाठी हे तेल नोंदलेले आहे. परंपरा जुनी आहेच. पण चोळण्याने, उष्णतेने आणि तेलाने मिळणारा आराम वेगवेगळा मोजायचा तर रुग्णांचे दोन गट, एकाला हे तेल आणि दुसऱ्याला तशाच वासाचे निष्क्रिय तेल, अशी मानवी चाचणी लागते. वासच इतका ओळखीचा की कोणत्या गटाला काय मिळाले हे लपवणे अवघड. भारतात अशा चाचण्यांची नोंद २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत होते, आणि ती कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. बाटलीवरचा दावा मोठा असेल तर आधी तिथे शोधावे. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करणे तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानुसार गुन्हाच आहे.

अकोल्यात या वनस्पतींचा अभ्यास करायला दूर जावे लागत नाही. १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान याच शहरात आहे. लखनौच्या सीमॅप या संस्थेने तृष्णा, तृप्ता, वैष्णवी असे लागवडीचे वाण दिले आहेत. त्यामुळे रानातले मिसळलेले गवत कापण्यापेक्षा एकाच वाणाचे शेत लावून एकसारखे तेल मिळवता येते. शंभर किलो ओल्या गवतातून हाती येते साधारण अर्धा किलो. एवढ्या मेहनतीच्या तेलाला शुद्धतेचा अहवाल असेल तर भावात फरक पडतो.

घरी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट अहवालांत सहसा मागे पडते. जिरॅनिऑल काही जणांच्या त्वचेला सोसत नाही. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत ते ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर नाव छापावे लागते. बाटली उघडी राहिली, उन्हात ठेवली, तर हवेशी संयोग होऊन त्रास देणारी द्रव्ये वाढतात. तेव्हा हे तेल खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात पातळ करूनच लावावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर वाट पाहावी, आणि दोन वर्षे खिडकीत पडलेली बाटली सरळ टाकून द्यावी.