निजलेल्याची साक्ष

घोरणारा मनुष्य हा आपल्याकडे फार जुन्या काळापासून थट्टेचा विषय होऊन बसला आहे. कुंभकर्णाची झोप तर रामायणांतून निघून घरोघरच्या बोलण्यांत शिरली आहे. अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोंच जो घोरूं लागतो, त्याला मोठा सुखी जीव मानण्याची रीत आहे. हा समज किती फसवा आहे हें कळावयास वैद्यकाला विसाव्या शतकाचीं साठांवर वर्षें खर्चावीं लागलीं. तें कळल्यावर उपायांचा बाजार उघडला. त्या बाजारांतील भरींव कोणतें आणि पोकळ कोणतें हें पारखण्याची कसोटी मात्र त्याच्याही दीडशेंहून अधिक वर्षें आधीं एका इंग्रज वैद्यानें सिद्ध करून ठेविली होती. नाकपुडींत बसवून, एका रात्रीपुरतीं वापरून फेकून द्यावयाचीं अलीकडचीं उपकरणें आणि ती जुनी कसोटी यांची गांठ कशी पडली, याची हकीकत बोधप्रद आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. झोपेंत घशाचे स्नायू सैल पडतात. कित्येकांच्या बाबतींत जीभ व टाळूचा मऊ भाग मागें सरून श्वासाची वाट अरुंद होते; त्या अरुंद वाटेनें हवा जातांना जो कंप उठतो तेंच घोरणें होय. परंतु कांहींची वाट अजीबात मिटते. छाती व पोट श्वासासाठीं धडपडत असतात, पण हवा आंत जात नाहीं. दहा सेकंद, वीस सेकंद, केव्हां केव्हां मिनिटभर हा रोध टिकतो. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू दचकतो, मनुष्य क्षणभर अर्धवट जागा होऊन मोठा श्वास ओढतो आणि पुन्हां झोपीं जातो. ज्याचा रोग तीव्र आहे त्याच्या बाबतींत हें तासाला तीस वेळां किंवा त्याहूनही अधिक घडतें. सकाळीं त्याला यांतलें कांहींही आठवत नाहीं. आठवते ती केवळ थकावट. दिवसां डुलक्या, चढलेला रक्तदाब, मोटार हांकतांना लागलेला डोळा, हीं या रोगाचीं फळें होत. इंग्रजींत याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मराठींत निद्राश्वासरोध म्हणतां येईल. रोगी स्वतःच्या रोगाच्या वेळीं निजलेला असतो, म्हणून त्याची साक्ष निरुपयोगी ठरते. या रोगाच्या इतिहासांतील बहुतेक सर्व घोटाळे या एका गोष्टींतून निघाले आहेत.

१८३६ सालीं चार्ल्स डिकन्स याची पिक्विक मंडळाची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. तींत ज्यो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्याउभ्या झोपतो, हातांतलें काम टाकून घोरूं लागतो. वाचकांनीं त्याला पोट धरून हंसून घेतलें. पुढें १९५६ सालीं बॉस्टन येथील डॉ. सिडने बर्वेल व त्यांचे सहकारी यांनीं एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध करतांना त्या अवस्थेला पिक्विकचेंच नांव दिलें. हा रोगी एक्कावन्न वर्षांचा एक व्यापारी अधिकारी असून त्याचें वजन २६० पौंडांच्या वर होतें. एके रात्रीं पत्ते खेळतांना त्याच्या हातीं तीन एक्के व दोन राजे आले. परंतु त्या उत्तम डावाचा लाभ घेण्यापूर्वींच गृहस्थाचा डोळा लागला! त्यानंतर मात्र तो रुग्णालयांत जाण्यास तयार झाला. बर्वेल यांनीं असें अनुमान केलें कीं, लठ्ठपणामुळें श्वास उथळ होऊन रक्तांत कर्बवायु सांचतो, व तोच झोपेचें कारण असावा. अनुमान तर्कशुद्ध होतें. उणीव एवढीच कीं, हे विद्वान रोग्याकडे दिवसां पाहत होते आणि रोग रात्रीं आपलें काम करीत होता.

१९६५ सालीं फ्रान्समध्यें मार्सेय येथें गास्तो व त्यांचे सहकारी यांनीं आणि त्याच सुमारास जर्मनींत युंग व कुलो यांनीं अशा रोग्यांना यंत्रें लावून रात्रभर त्यांची झोप नोंदविली. मेंदूच्या विद्युत्लहरी, श्वास, छातीची हालचाल, सारें कागदावर उमटलें. आणि शेंकडों वेळां तुटणारा श्वास प्रथमच डोळ्यांना दिसला. जें रोग्याला सांगतां आलें नाहीं, शेजारीं निजणाऱ्याला नेमकें मोजतां आलें नाहीं, तें कागदानें सांगितलें.

निदान झालें, तरी उपाय कठोर होता. घशाची वाट मिटते, तर तिच्या खालीं श्वासनलिकेलाच भोंक पाडावें, हा तो उपाय. तो हमखास लागू पडे. पण गळ्यांत जन्मभर नळी बाळगणें कोणाला रुचणार? ऑस्ट्रेलियांतील सिडने येथें १९८० सालीं असाच एक रोगी या शस्त्रक्रियेस नकार देऊन बसला. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं त्याच्या नाकावर मुखवटा बसविला व धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या धर्तीची मोटर उलटी चालवून त्याच्या नाकांत सतत हवा लोटली. हवेच्या दाबानें घसा आंतून तोलून धरला गेला. जणूं हवेचाच टेंकू दिला. श्वासरोध थांबला व तो मनुष्य शांत निजला. १९८१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत सलिव्हन यांनीं पांच रोग्यांची हकीकत छापली. साडेचार ते दहा सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब त्या पांचांनाही पुरला होता. यंत्र गोंगाट करणारें, मुखवटा रोज रात्रीं चिकटवावा लागणारा. दिसावयास हास्यास्पद असा हा खटाटोप होता. परंतु तो नोंदीच्या कागदावर खरा उतरला.

यंत्र पुढें सुधारलें, लहान झालें, शांत झालें. तरी मुखवटा, नळी आणि नाकांतील कोरडेपणा यांना कंटाळून पुष्कळ लोक तें थोड्याच दिवसांत कपाटांत ठेवून देतात. नेमक्या याच ठिकाणीं चिमुकल्या उपकरणांना वाव मिळाला. नळी नको, वीज नको, नाकाला लावा आणि निजा, असें कोणी म्हटल्यास कोणाला मोह पडणार नाहीं? १९९० नंतरच्या दशकांत नाकावर बाहेरून चिकटवावयाच्या पट्ट्या निघाल्या. त्या नाकपुड्या रुंद करतात हें खरें. परंतु मिटते ती वाट घशांत आहे. दार उघडें ठेवल्यानें आंतला बंद बोळ मोकळा होत नाहीं.

याहून विचारपूर्वक केलेलें साधन म्हणजे २००८ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची अनुज्ञा मिळालेली प्रोव्हेंट नांवाची झडप. नाकपुडीवर चिकटवावयाची, सकाळीं टाकून द्यावयाची. श्वास घेतांना ती उघडे. सोडतांना मिटे व बारीक छिद्रांतूनच हवा बाहेर पडूं दे, म्हणजे घशांत थोडा दाब राही. कल्पना चतुर होती. पण चतुर कल्पना म्हणजे सिद्ध उपाय नव्हे. आणि येथेंच ती जुनी कसोटी उपयोगीं पडते.

१७९६ सालीं अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत एलिशा पर्किन्स नांवाच्या वैद्यानें दोन लहान धातूच्या टोकदार कांड्यांचा एकाधिकार मिळविला. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या असतां वेदना खेंचून बाहेर निघते, असा त्याचा दावा होता. लंडनमध्यें त्याच्या मुलानें ही जोडी पांच गिनींना विकली, आणि गुण आल्याचे दाखले ढिगांनीं जमले. बाथ येथील डॉ. जॉन हेगार्थ यांनीं कोणाची थट्टा केली नाहीं. त्यांनीं त्याच आकाराच्या लांकडी कांड्या करवून त्यांना धातूसारखा रंग दिला, आणि १७९९ सालीं संधिवाताच्या पांच रोग्यांवर त्या फिरविल्या. पांचांपैकीं चौघांनीं आराम पडल्याचें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं खऱ्या कांड्या फिरविल्या, फळ तेंच. रोगी खोटें बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरें वाटलें होतें. परंतु तें धातूमुळें नव्हे, तर विश्वासामुळें. तेव्हांपासून शहाण्या वैद्यकाचा दंडक असा कीं, खऱ्या साधनाशेजारीं हुबेहूब दिसणारें खोटें साधन ठेवून दोहोंतील अंतर मोजावें.

नाकावरील झडपेच्या बाबतींत हा दंडक पाळला गेला, हें तिच्या कर्त्यांस भूषणावह आहे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत २५० रोगी होते. कांहींना खरी झडप, कांहींना तशीच दिसणारी पण अडथळा न करणारी. तीन महिन्यांनंतर खऱ्या झडपेनें श्वासरोध शेंकडा सुमारें ४३ नीं घटला, खोटीनें शेंकडा १० नीं. म्हणजे साधनांत कांहीं तथ्य होतें. परंतु या रोग्यांपैकीं पुष्कळांचा रोग सौम्य होता. २०१३ सालीं दुसरी परीक्षा झाली ती मध्यम व तीव्र रोगाच्या लोकांवर, ज्यांना हवेच्या यंत्रानें गुण आलेला होता. यंत्र काढून त्यांच्यांतील कांहींना ही झडप व कांहींना खोटी झडप दिली. पंधरवड्यांत दोन्ही गटांचा रोग परतला, आणि खऱ्या-खोट्यांत अंतर उरलें नाहीं. एकच साधन सौम्य रोगांत थोडें उपयोगी आणि तीव्र रोगांत दुबळें ठरलें. हा भेद मोजल्यावांचून कोणाला कळला असता?

२०१५ सालीं तर याहून मोठें स्वप्न बाजारांत आलें. नाकपुड्यांत बसणारें, सूक्ष्म पंख्यांनीं हवा लोटणारें, आठ तास चालणारें व सकाळीं फेकून द्यावयाचें उपकरण अवघ्या तीन डॉलरांत देऊं, असें सांगून अमेरिकेंत लोकवर्गणी मागण्यांत आली, आणि दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. ज्यांना हिशेब ठाऊक होता त्यांनीं शंका काढल्या. सोडलेला श्वास धुवून काढावयाचा तर मिनिटाला सुमारें तीस लिटर हवा लोटावी लागते; दहा सेंटीमीटर पाण्याच्या दाबानें ती लोटण्यास निव्वळ अर्धा वॅट शक्ति पाहिजे. आठ तासांचे चार वॅट-तास झाले. श्रवणयंत्रांत वापरतात त्या जस्त-हवेच्या सर्वांत मोठ्या गुंडीएवढ्या बॅटरींत एक वॅट-तासही भरत नाहीं. आणि पंखा जितका लहान तितकी शक्तीची नासाडी अधिक. या हिशेबाला उत्तर चालत्या नमुन्यानें द्यावयास हवें होतें. मुदती टळल्या, वर्षांमागून वर्षें गेलीं, तरी वर्गणीदारांच्या हातीं वस्तु पडली नाहीं.

यांत केवळ पैशाचा प्रश्न असता तर तो एवढा गंभीर नव्हता. स्वस्त आणि सुटसुटीत साधन येणार म्हणून जो आज उपचार लांबणीवर टाकतो, त्याचा श्वास रोज रात्रीं तुटतच असतो. त्याहून वाईट म्हणजे, एखाद्या वस्तूनें घोरण्याचा आवाज तेवढा मंदावला, कीं घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात व रोगी बरा झाला असें धरून चालतात. वास्तविक वाट पुरती मिटते त्या क्षणीं घोरणेंही थांबतें; शांतता हा गुणाचा पुरावा नव्हे.

शंका घेणें म्हणजे नव्या कल्पनेची हेटाळणी करणें नव्हे. हेटाळणीलाच जग भुललें असतें तर उलट्या मोटरीचें तें ओबडधोबड यंत्र पहिल्याच रात्रीं अडगळींत गेलें असतें. साधन लहान कीं मोठें, देखणें कीं विद्रूप, हा प्रश्नच नाहीं. रात्रभर मोजणी झाली काय, तशाच दिसणाऱ्या खोट्या साधनाशीं तुलना झाली काय, आणि किती तीव्र रोगाच्या माणसांवर झाली, एवढें विचारावें. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून निद्रापरीक्षा आज होऊं शकते. साधन कोणतेंही लावावें, पण तें लावून निजल्यावर एक रात्र पुन्हां मोजून पाहावी. निजलेल्याच्या वतीनें बोलणारा तेवढा एकच साक्षीदार भरंवशाचा आहे.