रिडो कालवा

कॅनडातील ओटावा ते किंग्स्टन हा 202 किलोमीटरचा जलमार्ग 1832 मध्ये खुला झाला. अमेरिकेशी पुन्हा युद्ध पेटलेच तर सैन्याची रसद सीमेलगतच्या सेंट लॉरेन्स नदीतून न्यावी लागू नये, हा हेतू. ते युद्ध झालेच नाही. 2007 पासून कालवा जागतिक वारसा यादीत आहे. पाण्याची पातळी कमी-जास्त करून नौका चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कप्प्यांना ‘लॉक’ म्हणतात. त्यांतील बहुतेकांचे दरवाजे कर्मचारी अजूनही हाताने चक्र फिरवून उघडतात.

हिवाळ्यात ओटावातील 7.8 किलोमीटर भाग गोठतो आणि लोक त्यावर स्केटिंग करतात. खरी कसोटी इथे लागते. बर्फ साधारण 30 सेंटीमीटर जाड हवा, पण नुसती जाडी पुरत नाही: हवेचे बुडबुडे अडकलेला पांढरा बर्फ पारदर्शक बर्फापेक्षा कमकुवत असतो. म्हणून बर्फाला भोके पाडून नमुने तपासतात. लाल झेंडा म्हणजे बंद, मग गर्दी कितीही असो. 2022-23 च्या उबदार हिवाळ्यात, पाच दशकांत पहिल्यांदाच, हा मार्ग एकही दिवस उघडला नाही.