हातोहात आलेली पानफुटी



शाळेत असताना वहीत पानफुटीचं पान ठेवून त्याला कोंब कधी फुटतात, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी बघितलं असेल. आमच्या अंजनवेलमध्ये गडग्याच्या फटीत, न्हाणीघरामागे, फुटक्या कुंडीत ती सापडते. विकत कुणी आणत नाही. शेजारणीकडून एक पान मागायचं, की झालं! त्यामुळे मला वाटायचं, ही आपल्या कोकणचीच, गोपाळगडाइतकी जुनी.

पण पानफुटीचं माहेर आहे मादागास्कर, आफ्रिकेजवळचं मोठं बेट. आपल्या देशातली तिची एक जुनी नोंद कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या सरकारी बागेतली आहे. १७९९ साली ती लेडी क्लाइव्ह यांच्याकडून बागेत आली. या मद्रासच्या गव्हर्नरच्या पत्नी, त्यांना झाडांची भारी हौस. इंग्रजांनी गोपाळगड घेतला १८१८ मध्ये, म्हणजे ही नोंद त्याच्या एकोणीसच वर्षं आधीची.

पुढची गोष्ट चवीची आहे. दक्षिण भारतात कंपनीच्या नोकरीत बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांनी पानफुटीचं पान चावून बघितलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारी बेचव, संध्याकाळी जरा कडवट. त्यांनी हे लंडनला कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. कारण पुढे उलगडलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, पण त्यात पाणी उडून जातं. पानफुटी छिद्रं रात्री उघडते, घेतलेली हवा आंबट रसाच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रं मिटून, उन्हाच्या मदतीने त्यावर अन्न तयार करते. म्हणून तापलेल्या जांभ्यावरही ती तग धरते.

तिकडे जर्मनीत महाकवी गटे यांनाही या झाडाने वेड लावलं. ते पानाला फुटलेली रोपं मित्रमंडळींना वाटत. आपणही तेच करतो. फरक एवढाच, की त्यांची नावं पुस्तकात आली. कलकत्त्यापासून कोकणातल्या परसापर्यंत पदराआड एकेक पान नेणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहिली नाहीत.

आता माझी चूक सांगते. सासूबाईंच्या कमरेत कळ यायची. मुतखडा असेल म्हणून मी त्यांना रोज पानफुटीची पानं खायला दिली. चार आठवडे गेले. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा खडा मोठा निघाला, मूत्रपिंडाला सूज आली होती. वेळेवर उपचार झाले म्हणून निभावलं. घरचं झाड, त्याने काय होणार, असं मी धरून चालले होते. पण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, फुलांत ती जास्त. ऑस्ट्रेलियात या जातकुळीची झाडं खाऊन गुरं मेली आहेत. तेव्हा कळ आली, ताप आला, लघवीतून रक्त गेलं, तर आधी दवाखाना. आणि गाई-शेळ्यांच्या तोंडाला हे झाड लागू देऊ नका.

मग लावायचीच नाही का? खुशाल लावा. करवंटीला खाली भोक पाडा. त्यात माती आणि जाड वाळू निम्मी निम्मी भरा. चांगलं जाड पान वर आडवं ठेवा, पुरू नका. सावलीत ठेवून माती नुसती ओलसर राखा. थोड्याच दिवसांत पानाच्या कडेच्या खाचांतून मुळं आणि इवली पानं दिसतील. रोप बोटभर झालं की वेगळं करा आणि सकाळचं कोवळं ऊन द्या. माती सुकल्यावरच पाणी घाला. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ठेवू नका, मुळं कुजतात. थंडीच्या दिवसांत घंटेसारखी लोंबती फुलं येतील. छाटलेली पानं मात्र रानात टाकू नका. ती तिथेच रुजतात आणि आपल्या रानातल्या झाडांची जागा घेतात.

पुढच्या बैठकीला मी पानफुटीची पानं आणणार आहे. प्रत्येकीने एक न्या. पण शेजारणीला पान देताना ही सासूबाईंची गोष्टही सोबत द्या.